आभासी यंत्रांचें आज्ञापत्र

सन १९६४ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत आर्लिंग्टनहून केंब्रिजकडे जाणाऱ्या एका सार्वजनिक बसमध्यें रॉबर्ट क्रीझी नांवाचे तरुण अभियंते बसले होते. नाताळ होऊन गेला होता. नवें वर्ष यावयाचें होतें. ज्या योजनेमुळें त्यांचें नांव संगणकांच्या इतिहासांत राहिलें, तिचा निश्चय त्या बसमध्यें झाला, असें त्यांनीं पुढें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. वार बहुधा मंगळवार असावा, इतकेंहि त्यांना आठवत होतें. योजना अशी कीं, संगणक एकच असावा, परंतु त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक संपूर्ण, स्वतंत्र, केवळ आपल्याच मालकीचा संगणक मिळाल्याचा प्रत्यय यावा. या संगणकाला जागा लागणार नाहीं, लोखंड लागणार नाहीं. ज्यानें तो मागितला त्याच्यापुरताच तो असेल, आणि काम संपतांच नाहींसा होईल.

अशा संगणकाला ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्र, हें नांव पुढें रूढ झालें. त्याचा इतिहास बहुधा आभासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एकाचे अनेक कसे झाले, हें कोणी केलें, कोणत्या कंपनीनें त्यावर किती द्रव्य मिळविलें, एवढें सांगितलें म्हणजे कथा संपली असें समजतात. वस्तुतः ती कथा तेथें अर्धीच होते. निर्माण झालेल्या यंत्राला आज्ञा कोणी द्यावयाची, कोणत्या भाषेंत द्यावयाची, आणि ती आज्ञा चुकली तर काय, हा तिचा उत्तरार्ध आहे. तो कमी रंजक नाहीं. एका जपानी गृहस्थांनीं रचलेल्या आणि माणकाचें नांव धारण करणाऱ्या भाषेचा त्यांत मोठा वांटा आहे.

क्रीझींच्या काळीं संगणकांची टंचाई होती. एका यंत्राला एक दालन लागे, थंड हवेचा बंदोबस्त लागे; आणि त्याची किंमत इतकी असे कीं, तें क्षणभरहि रिकामें राहतां कामा नये असा दंडक होता. ज्याला गणित सोडवून घ्यावयाचें असे त्यानें आपली आज्ञावली भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर उतरवावी, पत्त्यांचा गठ्ठा आंत द्यावा, आणि उत्तरासाठीं पुन्हां यावें. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर उत्तराऐवजीं ती चूकच हातीं पडे. यंत्राचा वेळ मोलाचा आणि माणसाचा वेळ कवडीमोल, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार उलटा करावा अशी सूचना जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या आरंभीं एम. आय. टी. या संस्थेंत केली. यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकडे करून अनेकांत वांटावा, म्हणजे प्रत्येकाला तें आपल्याच सेवेंत आहे असें वाटेल, असा तिचा आशय होता. १९६१ च्या नोव्हेंबरांत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखालीं तेथेंच ती प्रत्यक्षांतहि दाखविली गेली. क्रीझी त्या कामांत हात घातलेले गृहस्थ होते. पुढें ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तिचा गाजावाजा मोठा झाला. परंतु काल-विभागणीला जी पत्त्यांच्या भाषांतराची सोय लागते ती तींत नव्हती. स्मृतींतील एक पत्ता मागितला असतां त्याच्या जागीं दुसरा, खरा पत्ता यंत्रानें परस्पर लावावयाचा, अशी ही सोय. ती नाहीं म्हणून एम. आय. टी.नें आपल्या पुढच्या मोठ्या प्रकल्पासाठीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें यंत्र निवडलें. आय. बी. एम.ला हा अपमान जिव्हारीं लागला. कंपनीनें ‘टी. एस. एस.’ नांवाची अधिकृत पद्धति रचावयास मोठें मनुष्यबळ लावलें. नॉर्मन रास्मुसेन यांच्या केंब्रिज येथील लहानशा विज्ञान-केंद्राकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. एम. आय. टी.च्या संगणक-प्रकल्पाच्याच इमारतींत हें केंद्र होतें, आणि क्रीझी तेथें येऊन दाखल झाले होते.

लक्ष नसणें हें कित्येकदां वरदान ठरतें. क्रीझी आणि त्यांचे सहकारी लेस कोमो यांनीं सिस्टिम/३६० च्या चाळीस क्रमांकाच्या यंत्रांत पत्ते बदलण्याचा खास भाग बसवून घेतला, आणि त्यावर ‘सी. पी.-४०’ नांवाचा नियंत्रक रचला. १९६७ च्या जानेवारींत तो नित्याच्या वापरांत आला. एका खऱ्या यंत्रावर तो चौदा आभासी यंत्रें नांदवीत असे. प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृति असल्याचा भास होई. पुण्यांतल्या जुन्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें राहत. विहीर एक, दिंडी-दरवाजा एक, मालक एक. पण आपल्या उंबऱ्याच्या आंत प्रत्येक जण घरधनी. या यंत्राची मांडणी तशीच होती. फरक इतकाच कीं, वाड्यांतील बिऱ्हाडकरूला शेजारचीं भांडीं वाजलेलीं ऐकूं येत. क्रीझींच्या वाड्यांत शेजारी आहे हेंच कोणाला कळत नसे.

हें साधलें कसें? संगणकाला कळणाऱ्या आज्ञांत दोन जाती असतात. बेरीज, वजाबाकी, तुलना या साध्या आज्ञा. आणि यंत्राच्या अंगांवर सत्ता चालविणाऱ्या, म्हणजे फीत फिरविणाऱ्या, स्मृतीची वांटणी बदलणाऱ्या, अधिकाराच्या आज्ञा. आभासी यंत्रांत चालणारी आज्ञावली साध्या आज्ञा थेट खऱ्या यंत्रावर, त्याच्या पूर्ण वेगानें चालविते. अधिकाराची आज्ञा तिनें उच्चारली कीं खरें यंत्र थबकतें आणि नियंत्रकाला हांक मारतें. नियंत्रक त्या आज्ञेचें फळ त्या बिऱ्हाडापुरतें तयार करून देतो आणि पुन्हां बाजूला होतो. बहुतेक काम खऱ्या यंत्रानेंच करावयाचें. सत्तेच्या नेमक्या क्षणींच कारभाऱ्यानें मध्यें पडावयाचें. आभास स्वस्तांत पडला तो या युक्तीनें. ‘सी. पी.-६७’ ही पुढची आवृत्ति १९६८ सालीं इतर संस्थांना मिळूं लागली. टी. एस. एस.चें अधिकृत काम रेंगाळत राहिलें, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजीं कंपनीनें केंब्रिजच्या या आडबाजूच्या अपत्याला ‘व्हीएम/३७०’ हें नांव देऊन दत्तक घेतलें.

आतां आज्ञेकडे वळावें. ज्याला काल-परवांपर्यंत यंत्राच्या दालनांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, तो आतां टंकयंत्रासमोर बसून एका संपूर्ण यंत्राचा चालक झाला. खऱ्या यंत्राच्या फळीवर जीं बटणें असत, त्यांच्या जागीं त्याला शब्द मिळाले. यंत्र चालू करावयाचें तर एक शब्द, स्मृतींत डोकावयाचें तर दुसरा. बटण दाबावें लागतें. शब्द लिहून ठेवतां येतो. हा भेद क्षुल्लक दिसतो, पण पुढचा सारा इतिहास त्यांत बीजरूपानें आहे.

तें बीज लगेच रुजलेंहि. स्टुअर्ट मॅडनिक हे त्या वेळीं एम. आय. टी.चे विद्यार्थी होते. टंकयंत्रावर रोज रोज त्याच आज्ञा टाइप करण्याऐवजीं त्या एका फाइलींत ओळीनें लिहाव्या आणि त्या फाइलीला नांवानें हांक मारावी, अशी सोय त्यांनीं १९६६ च्या सुमारास केली. तिला ‘एक्झेक’ म्हणत. दुसरी युक्ति अधिक धूर्त होती. सिस्टिम/३६० च्या आज्ञांत ‘डायग्नोज’ नांवाची एक आज्ञा दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठीं राखून ठेविलेली होती; सामान्य आज्ञावलीला तिचा कांहीं उपयोग नसे. नियंत्रकाच्या कर्त्यांनीं त्या अडगळींतल्या आज्ञेची खिडकी केली. आभासी यंत्राच्या आंतून एखादी आज्ञावली तिच्या द्वारें नियंत्रकाच्या हातांत चिठ्ठी देऊं शके: अमुक जोड, तमुक सोड. म्हणजे माणूस टंकयंत्रावर जें करी, तें आतां आज्ञावलीहि करूं लागली. १९७९ सालीं माइक कॉलिशॉ यांनीं याच घराण्यासाठीं ‘रेक्स’ नांवाची पुष्कळच वाचनीय भाषा रचावयास घेतली. यंत्रांनीं यंत्रांना लेखी हुकूम द्यावा ही कल्पना कालची आहे असें समजणाऱ्यांनीं हीं सालें लक्षांत ठेवावींत.

मात्र ती सारी बोली एका घराण्याची होती. आय. बी. एम.च्या दाराबाहेर तिला अर्थ नव्हता. आणि दाराबाहेर काळ बदलत होता. संगणक लहान झाले, स्वस्त झाले, टेबलावर आले. ज्याला खरें यंत्रच हातीं मिळालें तो आभासाची हांव कशाला धरील? १९७४ सालीं जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं एका प्रसिद्ध निबंधांत आभासी यंत्राच्या तीन कसोट्या घालून दिल्या. आंत चालणाऱ्या आज्ञावलीला खऱ्या यंत्रावर असल्यासारखेंच वाटलें पाहिजे; सर्व साधनांची अंतिम सत्ता नियंत्रकाकडे राहिली पाहिजे; आणि बहुतेक आज्ञा थेट खऱ्या यंत्रावर चालल्या पाहिजेत. टेबलावरच्या यंत्रांतून पसरलेलें इंटेलच्या प्रक्रियकांचें कुळ या कसोट्यांना उतरत नव्हतें. त्यांतील पेंटियम प्रक्रियकांत अशा सतरा आज्ञा आढळल्या कीं, त्या सत्तेला स्पर्श तर करीत, पण कारभाऱ्याला हांक मारीत नसत. चोरपावलांनीं जाऊन निराळेंच कांहीं करून येत.

या सतरांवर तोडगा कसा निघाला तें थोडक्यांत सांगतां येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठांत मेंडेल रोझेनब्लूम, एडुआर्ड ब्युन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनीं १९९७ सालीं जुनी कल्पना पुन्हां बाहेर काढली. डायेन ग्रीन व एलेन वांग यांच्यासह त्यांनीं १९९८ सालीं व्हीएमवेअर ही कंपनी स्थापिली. आज्ञावली चालतां चालतांच तिच्यांतील घातक आज्ञा वेंचून त्यांच्या जागीं निरुपद्रवी आज्ञा घालणारी त्यांची युक्ति १९९९ सालीं बाजारांत आली. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठानें २००३ सालीं ‘झेन’ पुढें आणलें. त्यांत बिऱ्हाडकरूलाच थोडें शिकवून ठेवलें होतें कीं, बाबा रे, हें घर भाड्याचें आहे. (दोन्ही वेळां गांवाचें नांव केंब्रिजच असावें हा योगायोग, त्यांत अधिक अर्थ शोधूं नये.) अखेर २००५-०६ सालीं इंटेल आणि ए. एम. डी. यांनीं प्रक्रियकांतच सुधारणा केली आणि वाद मिटला. २००७ च्या फेब्रुवारींत अवी किव्हिटी यांनीं आरंभिलेला ‘केव्हीएम’ लिनक्सच्या गाभ्याचाच भाग होऊन प्रसिद्ध झाला. आभास आतां जवळजवळ फुकट झाला.

फुकट झालेल्या वस्तूची अडचण निराळी असते. एका यंत्राऐवजीं शंभर यंत्रें झालीं, पण चालक तितकेच राहिले. प्रत्येक कंपनीची खिडकी निराळी, बटणें निराळीं, शब्दहि निराळे. पांच यंत्रें माउसनें कळा दाबून उभीं करतां येतात. पांचशें येत नाहींत. त्याहून वाईट असें कीं, कळा कोणत्या क्रमानें दाबल्या, हें ज्ञान दाबणाऱ्याच्या डोक्यांत राही. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला कीं, त्याच्या मागें एक चालतें यंत्र उरे आणि तें तसें कां चालतें हें सांगणारा कोणी नसे. मग त्या यंत्राला हात लावण्याचें भय वाटूं लागे. ज्यांनीं कार्यालयांतून असलीं भयाचीं यंत्रें पाहिलीं आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

येथें लेखी हुकमाची जुनी कल्पना परत येते. रेड हॅट कंपनींतील डॅनियल व्हेलार यांनीं २००५ सालीं ‘लिबव्हर्ट’चें काम सुरू केलें. प्रोग्रॅमरांच्या बोलींत ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे; दुसऱ्यानें एकदां नीट लिहून ठेवलेल्या आणि आपल्या आज्ञावलींतून नांवानें बोलावतां येणाऱ्या कृतींचा तो संग्रह होय. झेन असो, केव्हीएम असो, खालचा कारभारी कोणीहि असो, त्याच्याशीं एकाच शब्दांत बोलतां यावें हा या लायब्ररीचा हेतु होता. ती सी भाषेंत लिहिलेली होती. पण तिचे दरवाजे इतर भाषांनाहि उघडून दिले गेले. त्यांतला एक दरवाजा रूबीचा.

युकिहिरो मात्सुमोतो यांनीं १९९३ सालीं रूबी भाषेची रचना आरंभिली आणि १९९५ च्या डिसेंबरांत ती लोकांपुढें ठेवली. त्या काळीं ‘पर्ल’ नांवाची भाषा लोकप्रिय होती. तिचें नांव मोत्याच्या इंग्रजी नांवासारखें ऐकूं येतें. तेव्हां मोत्याच्या पुढचें रत्न म्हणून हिला माणकाचें नांव मिळालें. पाश्चात्त्य पंचांगांत मोतीं जूनचें आणि माणिक जुलैचें. अर्थातच या भाषेंतील लायब्ररींनाहि ‘जेम’ म्हणजे रत्न म्हणूं लागले. नांवाची ही हौस बाजूला ठेवली तरी या भाषेचा एक गुण येथें महत्त्वाचा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला आनंद व्हावा, हें आपलें ध्येय असल्याचें तिच्या कर्त्यांनीं वारंवार सांगितलें आहे. त्यासाठीं तिच्यांत कंस, अर्धविराम वगैरे चिन्हांची बरीच सूट दिली आहे, आणि कृतीच्या नांवाच्या शेवटीं प्रश्नचिन्ह लावण्याचीहि मुभा आहे. परिणाम असा होतो कीं, नीट लिहिलेली रूबी आज्ञावली टिपणासारखी वाचतां येते.

२००४ सालीं डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनीं ‘रेल्स’ प्रसिद्ध केलें आणि रूबी जगभर गेली. २००५ सालीं ल्यूक केनिस यांचें ‘पपेट’ आणि २००९ सालीं अॅडम जेकब यांचें ‘शेफ’ हीं यंत्रव्यवस्थेचीं साधनें तिच्यांतच रचलीं गेलीं. यंत्रांची निगा राखणारा वर्ग अशा रीतीनें रूबी वाचावयास शिकला.

त्या दरवाजानें आंत जाऊन पाहिलें तर संभाषण असें चालतें. प्रथम कारभाऱ्याचा पत्ता देऊन त्याच्याशीं संधान बांधावयाचें. आभासी यंत्राला येथें ‘डोमेन’ म्हणतात. त्याला स्मृति किती, प्रक्रियक किती, चकती कोणती, याचें वर्णन एका लेखांत भरून तें कारभाऱ्याच्या दप्तरांत नोंदवावयाचें. मग ‘क्रिएट’ म्हणतांच यंत्र सुरू होतें. ‘अॅक्टिव्ह?’ असें प्रश्नचिन्हासह विचारलें कीं होय किंवा नाहीं हें उत्तर मिळतें. येथवर सर्व सरळ आहे. परंतु नवख्यानें दोन शब्दांपाशीं थांबावें. ‘क्रिएट’ या शब्दानें कांहीं निर्माण होतें असें वाटेल. वस्तुतः आधीं नोंदलेलें यंत्र तो केवळ चालू करतो. ‘डिस्ट्रॉय’ या शब्दानें छातींत धडकी भरेल. पण त्यानें नाश होत नाहीं, चालत्या यंत्राची तार उपटावी तसें तें एकदम बंद पडतें, आणि नोंद व चकती जागच्या जागीं राहतात. सभ्यपणें बंद करावयाचें तर ‘शटडाउन’ म्हणावें. नोंद खोडावयाची तर शब्द आणखी निराळा. म्हणजे या कोशांत नाश हा शब्द नाश करीत नाहीं. जवळच्याच दुसऱ्या कोशांत तो करतो, हें पुढें दिसेलच.

दरम्यान अॅमेझॉन कंपनीनें २००६ च्या ऑगस्टमध्यें आपलीं आभासी यंत्रें भाड्यानें द्यावयास सुरुवात केली. लहान यंत्राचें भाडें तासाला दहा सेंट होतें, आणि तें मागावयाचें तें आज्ञावलींतून. आतां वाडाहि आपला नाहीं आणि मालकाला कोणी पाहिलेलें नाहीं. परंतु मागतां क्षणीं बिऱ्हाड मिळे आणि सोडतां क्षणीं भाडें थांबे. असे मेघांतले घरमालक वाढले, आणि प्रत्येकाची बोली निराळी निघाली. वेस्ली बेअरी यांच्या ‘फॉग’ या रूबी लायब्ररीनें त्या बोलींना एका व्याकरणांत आणण्याचा यत्न केला. मेघांच्या या व्यवहारांत लायब्ररीला धुक्याचें नांव द्यावें हें समर्पकच. तिच्यांत एक मौजेची सोय आहे: तिला एका शब्दानें सांगावें कीं आतां सोंग कर, म्हणजे कोठलेंहि यंत्र भाड्यानें न घेतां ती घेतल्याचें नाटक करते. मुळांत आभासी असलेल्या यंत्राची ही आभासी तालीम. हुकूम खरा देण्यापूर्वीं तो वाचून पाहण्याची निकड लोकांना भासूं लागली होती, हें यावरून दिसतें.

या कथेंतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र मोठ्या वाड्यांत घडला नाहीं. तो एका विद्यार्थ्याच्या टेबलावर घडला. मिचेल हाशिमोटो हे वॉशिंग्टन विद्यापीठाचे विद्यार्थी एका सल्लागार कंपनीसाठीं काम करीत. आज एका ग्राहकाचें काम, उद्यां दुसऱ्याचें. प्रत्येक कामाला निरनिराळ्या आवृत्तींचीं साधनें लागत, आणि एकाच संगणकावर तीं एकमेकांच्या उरावर बसत. या धंद्यांत एक वाक्य नित्य ऐकूं येतें: ‘माझ्या यंत्रावर तर चालतें!’ हें वाक्य बोलणारा खोटें बोलत नसतो, आणि ऐकणाऱ्याचें काम तरीहि अडलेलें असतें. हाशिमोटो यांनीं यावर उपाय योजला. प्रत्येक कामासाठीं निराळें आभासी यंत्र असावें, आणि त्या यंत्राचें वर्णन कामाच्याच कागदपत्रांत एका लहानशा रूबी फाइलींत असावें. २०१० च्या जानेवारींत त्यांनीं लेखनाला आरंभ केला आणि मार्चमध्यें पहिली आवृत्ति दिली. नांव ठेवलें ‘व्हेग्रंट’, म्हणजे भटक्या. पुढें जॉन बेंडर हेहि कामांत सामील झाले.

या भटक्याला खालीं आधार होता ‘व्हर्च्युअलबॉक्स’चा. जर्मनीच्या इनोटेक कंपनीनें २००७ सालीं खुलें केलेलें हें साधन २००८ सालीं सन कंपनीकडे गेलें, आणि व्हेग्रंटचा आरंभ झाला त्याच महिन्यांत सनसह ओरॅकलकडे गेलें. त्याच्याशीं बोलण्यासाठीं हाशिमोटो यांनीं स्वतःच एक रूबी लायब्ररी लिहिली. ती व्हर्च्युअलबॉक्सच्या आंतल्या कप्प्यांत थेट हात घालीत असे. आंतला हा दरवाजा नव्या आवृत्तींत बदले, आणि मग लायब्ररी अडखळे. शेवटीं व्हेग्रंटनें हें सलगीचें नातें सोडलें आणि चारचौघांसारखें पुढच्या दारानें, म्हणजे आज्ञा टाइप करावी तशी ती पाठवून, काम चालविलें. कारागिरी म्हणून पहिली रीत सुंदर होती, टिकली दुसरी. केंब्रिजच्या टंकयंत्रावरचा साधा शब्दच पुन्हां उपयोगी पडला असें म्हणावयास हरकत नाहीं.

व्हेग्रंटच्या फाइलींत काय असतें? मूळ यंत्राचा सांचा कोणता, स्मृति किती, जाळ्यांतला पत्ता कोणता, चालू झाल्यावर आंत कोणतीं साधनें बसवावयाचीं. दहा-वीस ओळींत आटोपतें. नवा सहकारी कामावर रुजू झाला कीं त्यानें ती फाइल घ्यावी, ‘अप’ हा एक शब्द लिहावा, आणि चहा घेऊन यावा. परत येईपर्यंत त्याच्या टेबलावर इतरांसारखेंच यंत्र उभें असतें. पूर्वीं याच कामांत दोन दोन दिवस जात, आणि ते दिवस कोणा अनुभवी माणसाच्या कामांतून कापले जात. यंत्र चालू असतां पुन्हां ‘अप’ म्हटलें तर दुसरें यंत्र निघत नाहीं. आणि ‘डिस्ट्रॉय’ म्हटलें तर, लिबव्हर्टप्रमाणें केवळ तार उपटली जात नाहीं, यंत्र चकतीसकट खरोखरच नाहींसें होतें.

हा फरक मराठी व्याकरणांत फार चांगला सांगतां येतो. लिबव्हर्टची किंवा फॉगची लायब्ररी आज्ञार्थांत बोलते: नोंद, चालू कर, थांबव. हे हुकूम क्रमानें द्यावे लागतात. एक हुकूम दोनदां दिला तर काम दोनदां होऊं शकतें. व्हेग्रंटची फाइल, आणि तिच्या आधींचें पपेटहि, विध्यर्थांत बोलतें: अशा रीतीचें यंत्र असावें. असेल तर उत्तम; नसेल तर तें असें व्हावें एवढी तजवीज करावी. गृहिणी नव्या मोलकरणीला ‘बादली उचल, नळाखालीं धर’ असें सांगते. जुन्या बाईला ‘संध्याकाळीं पाणी भरलेलें असावें’ एवढेंच पुरतें. या दुसऱ्या वाक्यामागें किती विश्वास असतो, आणि आधीं किती शिकवणूक झालेली असते, हें घर चालविणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. विध्यर्थाखालीं आज्ञार्थ दडलेलाच असतो. कोणीतरी बादली उचलतेंच.

या बदलानें यंत्रापेक्षां लेखाचें मोल वाढलें. पूर्वीं लोक सर्व्हरांना नांवें ठेवीत. कोणी ग्रहांचीं, कोणी पुराणपुरुषांचीं. तें आजारी पडलें तर रात्र जागून काढीत. आतां यंत्र बिघडलें तर तें मोडून टाकावें आणि फाइलींतून नवें काढावें, अशी रीत पडली. त्यांत शहाणपण आहे. फाइल वाचतां येते, सुधारतां येते, कोणी कधीं काय बदललें याची नोंद ठेवतां येते, आणि तिच्यावर दोघांना वाद घालतां येतो. कोणा एकाच्या डोक्यांत बंद असलेल्या ज्ञानावर वाद घालतां येत नव्हता. पण कांहीं गमावलेंहि आहे. यंत्र कां बिघडलें याचा छडा लावण्याची जी खोड जुन्या चालकांना होती, ती मोडून टाकण्याच्या सोयीनें कमी झाली. आणि निदान न करतां रोगी बदलण्याची सवय धंद्याला लागली. हें नुकसान लहान मानूं नये.

आणखी एक धोका लेखी हुकमाच्या पोटींच आहे. एका शब्दांत जें शंभरदां करतां येतें, तें शंभरदां चुकतांहि येतें. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अॅमेझॉनच्या व्हर्जिनियांतील केंद्रांत एका अधिकृत कर्मचाऱ्यानें ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणेंच एक आज्ञा दिली. कांहीं थोडे सर्व्हर कामावरून काढावयाचे होते. आज्ञेंतील एक मूल्य चुकीचें पडलें, आणि हवे होते त्याहून पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. असंख्य संकेतस्थळें कित्येक तास लंगडी पडली. कंपनीनें नंतर जें निवेदन प्रसिद्ध केलें त्यांत ही चूक आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. उपाय म्हणून त्यांनीं तें साधन बदललें: तें आतां सर्व्हर सावकाश काढतें, आणि ठराविक मर्यादेखालीं जाण्यास नकार देतें. हुकूम मानणाऱ्या साधनाला नकार द्यावयास शिकवावें लागलें. जुन्या दालनांतल्या चालकाच्या अंगीं हा गुण उपजतच असे; तो भुंवया उंचावून ‘नक्की ना?’ असें विचारी. तो प्रश्न आतां कोणीतरी आधींच विचार करून आज्ञावलींत लिहून ठेवावा लागतो.

व्हेग्रंटची पहिली पूर्ण आवृत्ति २०१२ च्या मार्चमध्यें निघाली, आणि त्याच वर्षीं हाशिमोटो यांनीं आपले मित्र अर्मन डॅडगर यांच्यासह हाशीकॉर्प ही कंपनी काढली. २०१३ सालीं ‘डॉकर’ आला. त्याच्या हलक्या कंटेनरांनीं व्हेग्रंटचें पुष्कळसें काम आपल्याकडे ओढलें. विध्यर्थांत लिहिण्याची रीत मात्र त्यांनींहि उचलली. ऑगस्ट २०२३ मध्यें हाशीकॉर्पनें व्हेग्रंटसह आपल्या साधनांच्या खुल्या परवान्याच्या अटी आवळल्या, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. त्या डिसेंबरांत हाशिमोटो कंपनींतून बाहेर पडले. एप्रिल २०२४ मध्यें कंपनीच्या विक्रीची बातमी जाहीर झाली. किंमत सुमारें ६४० कोटि डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्यें व्यवहार पुरा झाला.

विकत घेणारी कंपनी आय. बी. एम. होती. ज्या केंब्रिज केंद्रांत क्रीझी त्या बसमधून उतरून गेले होते, तें तिनें १९९२ सालींच बंद केलें होतें.